आईच्या बाजूची काच

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ३ एप्रिल १९७४

सौ. रुक्मिणी चनबसप्पा यांस,

नमस्कार लिहावा की आशीर्वाद लिहावा हे ठरेना, म्हणून दोन्ही सोडून एकदम कामाचे लिहितो.

मी एक मोटार बांधली आहे. थट्टा नाही. गिरणीतून निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत होते. भंगारवाल्याकडे एका जुन्या विलायती गाडीचा सांगाडा इंजिनासकट मिळाला. वरचे अंग सगळे माझ्या हातचे आहे. आत लाकडी चौकट, बाहेर पत्रा, रंग हिरवा, कारण तोच डबा घरात होता. दोन माणसे ऐसपैस बसतात. गल्लीतले लोक तिला कपाट म्हणतात. म्हणोत. कपाट चालत नाही, माझी गाडी चालते.

अडचण एवढीच की दारांना काचा मी कायमच्या बसवल्या. आता त्या उघडत्या करायच्या आहेत. इतर मोटारींसारखी काच खाली उतरवायची तर दाराच्या पोटात जागा लागते आणि माझी दारे पातळ पडली. म्हणून दुकानाच्या शोकेसला असतात तशा हव्यात. दोन खाचांत दोन काचा, एकीमागे एक सरकणाऱ्या.

हे काम तुमच्याकडे होते. इथे असताना तुमच्याकडच्यांनी कापडदुकानांना जी शोकेस करून दिली त्यांच्या काचा अजून अडत नाहीत, हे मी स्वतः बोट लावून पाहिले आहे. सोलापुरात काचवाले पुष्कळ आहेत, पण एकाने कड घासली नाही आणि दुसरा गाडी बघून हसला. म्हणून राज्याची हद्द ओलांडून आळंदला लिहावे लागले. एरवी लिहिले नसते.

पाकिटात पुठ्ठ्याचे नमुने आहेत, त्याबरहुकूम काचा कापाव्यात. किंमत कळवावी, मनीऑर्डर करीन. फुकट काही नको.

घरी सर्व ठीक. तुझी आई बरी आहे.

कुंडलिक


सोलापूर
ता. २१ एप्रिल १९७४

रुक्मिणी,

उत्तर आले नाही. पाकीट पोचलेच नसेल असे धरून पुन्हा लिहितो. पोचूनही उत्तर दिले नसेल, तर तेही मला समजते. तरी लिहितो, कारण गरज माझी आहे.

मागच्या पत्रात आई बरी आहे असे लिहिले. ती बरी नाही. दमा वाढला आहे. चार भांडी घासली तरी धाप लागते, मग उंबऱ्यावर बसून राहते आणि कोणी बघितले की पदर सारखा करीत उठते. डॉक्टर म्हणाले, धूर आणि धूळ टाळा, कोंदट जागेत बसू नका. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता, पण तो सांगेपर्यंत मी तिला चुलीपुढेच बसवले होते.

माघात तिला एसटीत घातले होते, अक्कलकोटच्या गाडीत. गर्दी, विडीचा धूर, पायात कोंबड्यांची पाटी. वळसंग यायच्या आतच तिचा श्वास अडकला. कंडक्टरने घंटी मारली आणि आम्हाला रस्त्यावर उतरवले. तो म्हणाला, "काका, बाईला काय झालं तर माज्या गळ्यात येईल की." सगळी गाडी खिडकीतून आमच्याकडे बघत निघून गेली. तिथून बैलगाडीने घरी आलो.

अक्कलकोटला आमचे काय काम होते असे विचारशील. अक्कलकोटला काही काम नव्हते. तिथून पुढे आळंदची गाडी मिळते.

तुझ्या आईला नात बघायची आहे. लिहिले एकदाचे. तुला मुलगी झाली हे आम्हाला ज्ञानूकडून कळले. तुला तो आठवत असेल, आपल्या शेजारी मागावर टॉवेल विणतो, त्याचा माल आळंदच्या बाजाराला जातो. बर्फी आली नाही. कशी येणार. पोरीचे पहिले बाळंतपण माहेरात करायचे असते आणि तुझे माहेर इथून साठ मैलांच्या आत होते. सारजाबाईने नळावर विचारले, "रुक्मी बाळंतपनाला कवा येनार?" मी म्हणालो, "तिकडं दवाखाना लई चांगला हाय." एवढे बोलून घागर अर्धीच भरून घरी आलो.

म्हणून ही गाडी. आधी वेळ जात नाही म्हणून करीत होतो, एसटीने उतरवल्यापासून घाई केली. आईला धुराशिवाय, गर्दीशिवाय नेता यावे एवढाच हेतू आहे. ती येईल, तुझ्याकडे राहील. मी दुकानाबाहेर गाडीत थांबीन. तुमच्या दुकानाला निळी पाटी आहे असे कोणीतरी सांगितले, तेव्हा शोधावे लागणार नाही.

नमुने पुन्हा कापून पाठवतो.

कुंडलिक


सोलापूर
ता. १२ मे १९७४

रुक्मिणी,

तुझं नाही, पण चनबसप्पांचं कार्ड आलं. तुझ्या नावापुढं लावलेलं सोडलं तर माझ्या पत्रात त्यांचं नाव लिहायची ही पहिली वेळ. कार्ड मी परत परत वाचलं. त्यांनी लिहिलं आहे, "नमुने मिळाले. काच करतो. एक विचारायचं आहे. अव्वा कुठल्या बाजूला बसतात? त्यांच्या दाराची मागची काच सरकती करू. म्हणजे वारा तोंडावर येणार नाही आणि आतली हवा मागून बाहेर जाईल. दमा आहे म्हणून विचारलं."

अव्वा, म्हणजे तुझी आई, कुठल्या बाजूला बसते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ती बाजूला बसते, एवढंच मला माहीत.

आता तुला खरं सांगतो, काचा उघडत्या करायची वेळ का आली. चैत्रात गाडी तयार झाली तेव्हा मी तिला सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत नेलं. नवं लुगडं नेसून ती बसली. गल्ली बघायला जमली होती. माझ्या बाजूच्या काचेला मी एक चौकोनी झडप ठेवली होती, वळताना हात बाहेर काढून इशारा करायला. नियम आहे तसा. तिच्या बाजूला झडप ठेवली नव्हती. तिला कुठं इशारा करायचा होता? पंचकट्ट्यापर्यंत ती काही बोलली नाही. मी आपला ऐटीत हात बाहेर काढून डावीकडं वळलो, उजवीकडं वळलो. तळ्यापाशी गाडी थांबवली आणि बघितलं तर तिचे ओठ काळेनिळे झाले होते, लुगडं घामानं भिजून अंगाला चिकटलं होतं. दार उघडल्यावर बऱ्याच वेळानं तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "तुमच्या हाताला वारा लागतूय, माज्या नाकाला न्हाय."

देवळात न जाताच परत आलो. येताना तिचं दार दोरीनं बांधून अर्धवट उघडं ठेवलं. लोक म्हणाले, कपाटाचं दार लागत न्हाय वाटतं. मी हसलो. मला मरण येईल तर बरं असं वाटत होतं.

गिरणीत एवढी वर्षं काढली, शेड्समध्ये हवा खेळती राहावी म्हणून छपराच्या काचा किती उघडायच्या हे मी इतरांना सांगत होतो. घरच्या माणसासाठी मात्र मला कधी सुचलं नाही.

चनबसप्पांना कळव, आई डाव्या बाजूला बसते. ते म्हणतात तशी मागची काच सरकती करावी. आणि त्यांना सांग, तुमच्या दुकानासमोरच्या हॉटेलात चहा फार गोड करतात, जपून प्यावा. असं ज्ञानू सांगत होता.

कुंडलिक


सोलापूर
ता. ११ जून १९७४

रुक्मिणी,

काचा पोचल्या. एसटीच्या टपावरून आल्या तरी एकीलाही चरा नाही. कडा अशा घासल्या आहेत की लहान मुलानं बोट फिरवावं. बोट धरायला काचेतच खोलगट खाच केली आहे, ती तर मी नमुन्यात दाखवलीही नव्हती. किंमत आज पाठवली.

आत गवत होतं आणि काचांच्या मध्ये एक जुनं दुपटं होतं. मी ते फडकं समजून हात पुसणार होतो. तुझ्या आईनं हिसकावून घेतलं. हिरव्या लुगड्याचं दुपटं, ते लुगडं तिचं होतं. म्हणजे चनबसप्पांशी लग्न करायला जाताना तू तिला सांगून गेली होतीस आणि तिनं तुला अंगावरचं लुगडं दिलं होतं. मी मात्र दोन वर्षं समजत होतो की तू दोघांनाही फसवून गेलीस. या घरात फसलेला मी एकटाच होतो आणि ओरडलोही एकटाच. दुपटं ती उशाखाली घेऊन झोपते. त्याला अजून दुधाचा वास आहे म्हणते. मला काही वास येत नाही. तंबाखूनं नाक गेलं आहे.

पार्सलात आणखी एक पुडकं निघालं. लोकरीच्या दाट पट्ट्या, खाचांत बसवायच्या, म्हणजे काच वाजत नाही, अडत नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, "काचेचे पैसे आबांच्या इच्छेप्रमाणे घेतो. पट्ट्या रुक्मिणीकडून."

रुक्मिणी, लेकीच्या घरचं काही घेऊ नये. माझ्या बापानं माझ्या बहिणीच्या घरचं पाणी शेवटपर्यंत घेतलं नाही, तिच्या गावाला गेला की वेशीवरच्या विहिरीवर ओंजळीनं प्यायचा. तू म्हणशील तुमच्या तोंडी रीतभात शोभते का. नसेल शोभत. पण पट्ट्या मी वापरल्या नाहीत. डालड्याच्या डब्यात घालून फळीवर ठेवल्या आहेत, येताना परत आणीन. तुझ्या आईनं विचारलं, मी म्हणालो, "पुरत न्हाईत त्या."

त्यांच्याऐवजी ज्ञानूकडून टॉवेलाच्या किनारी घेतल्या. दुहेरी करून खाचांत चिकटवल्या. घट्ट वीण, सोलापुरी सूत. काच अशी पळते की बोट लावायचा अवकाश. ज्ञानू म्हणाला, "आबा, मोटारीला टॉवेल घातलासा, आता आंगुळ तेवडी घाला." मस्करी करतो, पण त्यालाही आवडलं.

या महिन्यात त्या बाजूला माझं काही काम निघण्यासारखं आहे. निघालं तर येऊ. नक्की नाही. वाट बघू नका.

कुंडलिक


सोलापूर
ता. ३० जून १९७४

रुक्मिणी,

तुम्ही वाट बघितली नसेलच, मी तसं लिहिलं होतं. ज्या कामासाठी त्या बाजूला यायचं होतं ते काम रद्द झालं.

वरची ओळ खोटी आहे. खोडत नाही, राहू दे. काम कसलं नव्हतंच. आम्ही निघालो होतो.

सकाळी लवकर निघालो. तुझ्या आईनं अंगडं-टोपडं, डिंकाचे लाडू, हळीव, सगळं एका पिशवीत घातलं होतं. डिंकाचे लाडू बाळंतिणीला करतात, तुझी पोर आता पालथी पडत असेल, पण ती म्हणाली, "उशीर झाला म्हनून काय करायचंच न्हाई व्हय?" काच तिनं स्वतः पुढं सरकवली. शहर सुटलं आणि तिच्या तोंडावर इतका आराम आला की मी रस्त्याऐवजी तिच्याकडंच बघत होतो. ती म्हणाली, "जावयानं बरूबर केलंय." तिनं जावई म्हटलं. मी ऐकलं आणि गाडी चालवत राहिलो.

वळसंगच्या अलीकडं पाऊस लागला. तिनं काच मागं ढकलून लावून घेतली, मीही माझ्या बाजूची लावली. थोड्या वेळानं आत वाफ धरली. तिनं बोटभर उघडायला हात लावला, काच हलेना. मला वाटलं जोर कमी पडतोय. मी म्हणालो, लाव जोर. काच जागची हलेना. माझ्या बाजूचीही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सूत पाणी प्यालं होतं. टॉवेलाचं कामच ते. सोलापुरात जन्म गेला, घरोघरी टॉवेल विणताना बघितलं, आणि पावसाच्या पाण्यात टॉवेल फुगतो हे मला रस्त्यावर कळलं.

तिचा श्वास वाजायला लागला. मी गाडी थांबवली, स्क्रूड्रायव्हर खाचेत घातला आणि जोर केला. काच वरपासून खालपर्यंत तडकली. तिच्या दाराची कडी मी बाहेरून केली आहे, आतून करायची राहिली होती. मी पावसात धावत वळसा घालून दार उघडलं, तर ती माझ्या अंगावरच कोसळली.

शेतातल्या खोपीतून एक म्हातारी डोक्यावर पोतं घेऊन आली. चंद्रव्वा तिचं नाव, ते मागाहून कळलं. मला बाजूला सारून तिनं तुझ्या आईला आत नेलं, पाठीला पोतं लावून बसतं केलं आणि छाती चोळत राहिली. "नीरु कुडी अव्वा, सावकाश, सावकाश पी." घोट घोट पाणी पाजलं. मग तांब्या माझ्यापुढं केला. मी एका दमात रिकामा केला.

बराच वेळ गेला. आईचा श्वास खाली बसला. मला वाटलं रडेल. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "गटागटा प्यालासा की पानी. ह्या मावलीचं नाव तरी इचारलासा का आदी?"

मी म्हणालो, "आता ते कशाला?"

"लेकीच्या घरचं पानी तेवडं नको. गल्लीत हुबं राहून वरडला हुतासा, तिच्या घरच्या पान्याला शिवनार न्हाय म्हनून. आनि त्या पट्ट्या पुरत न्हाईत म्हनलासा. डबा मी उगडून बघितलाय. चारी बाजूला पुरून उरतील एवड्या हायत."

चंद्रव्वाला मराठी कितपत कळत होतं कोण जाणे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि रिकामा तांब्या उचलून आत ठेवला. रुक्मिणी, मला त्या खोपीत डोकं वर करवेना.

पुढं जाण्यात अर्थ नव्हता. फुटक्या काचेवर चंद्रव्वाचं पोतं बांधून परत आलो. पेठेत शिरलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि सगळे ओट्यावर होते. सारजाबाईनं विचारलं, "कुटं गेला हुतासा कपाट घिऊन?" मी म्हणालो, "आळंदला निघालो हुतो, रुक्मीची पोर बघाया. माज्याच मूर्खपनानं परत आलो." ती उठली. आईला धरून घरात घेऊन गेली आणि चहा करून दिला.

टॉवेलाच्या किनारी सगळ्या खरवडून काढल्या. तुझ्या पट्ट्या बसवल्या. खाचेच्या तळाला भोकं पाडली, पाणी निघून जायला. वर बादली ओतून बघितली, माझ्या बाजूची काच सुरळीत सरकते. कडीही आतून केली.

आईच्या बाजूची मागची काच मात्र पाहिजे. नमुना तुमच्याकडं आहेच. चनबसप्पांना सांग की त्यांनी कापलेली काच माझ्या हातनं फुटली. किंमत पाठवणार नाही. पाठवली तर तुला राग येईल असं आई म्हणते. मला मागायची लाज वाटते, तरी मागतो.

तुझा बाप


सोलापूर
ता. १९ जुलै १९७४

चि. सौ. रुक्मिणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. दोन वर्षांत पहिलं. आईनं ते मला वाचू दिलं नाही, ज्ञानूकडून वाचून घेतलं. एखादी ओळ मी गाळीन म्हणाली. बरं झालं. मी गाळलीच असती.

ज्ञानूनं उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचलं. "काच तयार आहे. पाठवणार नाही. घ्यायला या. पुसात तुम्ही समोरच्या हॉटेलात पेपर तोंडापुढं धरून बसला होतात. मी तांब्या घेऊन बाहेर आले होते. तुम्ही उठून गेलात." एवढं वाचून ज्ञानूनं कागद घडी केला, चपला घातल्या आणि माग चालू ठेवून आलोय म्हणून निघून गेला. त्याचा माग त्या दिवशी बंद होता.

आई म्हणाली, "पुसात तुमी मंगळवेढ्याला गेला हुतासा. जुंधळा बघाया."

मी म्हणालो, "न्हाय."

"माज्याबिगर बघून आलासा पोरीला?"

"बघितली न्हाय. आत गेलोच न्हाय."

मला वाटलं होतं ती चिडेल, भांडेल. ती रडली. मी नात बघून आलो असतो तर तिनं माफ केलं असतं. एवढं लांब जाऊन न बघता आलो हे तिला सोसलं नाही.

तर आता तुला सगळं लिहितो. ज्ञानूनं मुलगी झाल्याचं सांगितलं त्याच आठवड्यात मी निघालो. वाटेत टिळक चौकात एक कुंची घेतली, लाल, वर जर. आळंदला उतरलो, निळी पाटी दिसली आणि पाय पुढं जाईनात. समोरच्या हॉटेलात बसलो. चहा मागवत राहिलो, म्हणून तो गोड असतो हे मला माहीत. ज्ञानूनं काही सांगितलं नव्हतं. चनबसप्पा आत काच कापत होते. आतून पोरीचा रडण्याचा आवाज आला. ते काम टाकून उठले, आत गेले आणि आवाज थांबला. मी पेपर वर धरला. कन्नड पेपर होता, मला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

मग तू दारात आलीस. वाळली होतीस. हातात तांब्या होता. मला वाटलं तू सडा टाकायला आलीस.

भर दुपारी कोण सडा टाकतं? तुझं पत्र वाचल्यापासून मी स्वतःला हेच विचारतोय. तेव्हा कळलं नव्हतं असं लिहायला हात होत नाही. तू रस्ता ओलांडायला पदर खोचलास, एवढं मी बघितलं होतं. त्यानंतरच मी उठलो. मागच्या दारानं निघालो आणि जी एसटी उभी होती तिच्यात बसलो.

बाळंतीण पोर उन्हात रस्त्यावर तांब्या घेऊन उभी राहिली आणि बाप मागच्या दारानं पळाला. गल्लीत ओरडलो त्याची लाज मला वाटते, पण ते रागात झालं. हे शांत डोक्यानं केलं. याची लाज कशी फेडायची मला ठाऊक नाही.

कुंची अजून आहे. हत्यारांच्या पेटीत लपवली होती, तिला ग्रीसचा वास लागला होता. काल आईच्या हातात दिली. तिनं दोनदा धुतली, वास गेला, एक डाग राहिला. आता ती पोरीच्या डोक्याला होणार नाही. आई म्हणते तरी न्यायची.

आम्ही सोमवारी निघतो. काच नाही, म्हणून आईची बाजू मोकळीच राहील. ती म्हणते, "हवाच हवा हाय, आता काय अडनार?" पाऊस आला तर झाड बघून थांबू. वळसंगला चंद्रव्वाचं पोतं परत द्यायचं आहे, आईनं तिच्यासाठीही लाडू घेतलेत. पंचमीला लेकी माहेरी येतात. यंदा माहेरच निघालंय. गल्लीत सगळ्यांना सांगितलं आहे. सारजाबाईनं बांगड्या दिल्यात, पोरीच्या मापाच्या.

चनबसप्पांना माझा नमस्कार सांग. काच ते स्वतः बसवतील तर बरं. मी नुसतं बघीन आणि हत्यारं हातात देईन.

मी बाहेर गाडीत थांबीन असं मागं लिहिलं होतं. तसं करणार नाही. पण दारापाशी आल्यावर माझे पाय पुन्हा अडतील, मला माझी खात्री नाही. म्हणून तुला एक काम सांगतो. गाडीचा आवाज ऐकलास की तो तांब्या भरून बाहेर ये. या वेळी मी उभा राहीन. तुझ्या हातनं घेईन आणि तुमच्या सगळ्या गल्लीदेखत पिईन. ओरडलो होतो तेही गल्लीदेखतच.

तुझा
आबा